मोदकांचा नवा डबा

श्रावण लागायच्या आदल्या दिवशी कौसल्याबाईंच्या खानावळीतली मासळीची भांडी माळ्यावर जात. सुरमई भाजायचा तवा, तिखल्याचा टोप, मासे कापायची विळी, एवढंच काय, कालवण वाढायचा डावसुद्धा जुन्या चादरीत गाठ मारून वर. मग ओटा, फरशी, भिंती सोड्याच्या पाण्यानं घासून निघत आणि गौरी-गणपती पाण्यात जाईपर्यंत त्या स्वयंपाकघरात मासळीचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. लालबागेतलं गिऱ्हाईक रोज काळ्या वाटाण्याचं सांबार बघून तोंड वाकडं करी आणि मुकाट्यानं जेवी.

चतुर्थीला मात्र हीच खानावळ उकडीच्या मोदकांसाठी ओळखली जाई. लालबाग-चिंचपोकळीची माणसं मोदक नेत त्यात नवल नव्हतं, ती आपलीच. नवल होतं ते ठाकूरद्वारच्या एका वाडीचं. तिथली घरं पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी, आणि मोदक हवे असत ते देवाच्या नैवेद्याला. माशांच्या खानावळीतून नैवेद्य न्यायचा म्हणजे काही लहानसहान गोष्ट नव्हे. ती घडली शांताबाई दामल्यांमुळे. त्यांची सून अनुजा परळच्या बँकेत होती, तिनं एका संकष्टीला हे मोदक घरी नेले. शांताबाईंनी एक खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः लालबागेत येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मासळी शिजते ना तुमच्याकडे, मग नैवेद्याचं कसं जमवता? कौसल्याबाईंना राग आला होता, पण त्यांनी स्टूल पुढे केलं आणि माळा दाखवला. शांताबाईंनी खरोखर स्टुलावर चढून ते गाठोडं बघितलं. मग घरी जाऊन अख्ख्या वाडीला सांगितलं की कौसल्याबाईंचे मोदक देवाला चालतात. त्यानंतर त्या पुन्हा कधी बघायला आल्या नाहीत. वाडीतली घरं वर्षागणिक वाढत गेली, सगळी शांताबाईंच्या शब्दावर.

अडचण होती ती डब्यांची. गरम मोदकाला वाफ असते आणि वर तुपाची धार असते, आणि ही दोन्ही एका डब्यात नांदत नाहीत. प्लॅस्टिकच्या डब्यात वाफ झाकणाला धरून पुन्हा मोदकावर ठिबके आणि वरचं नाक बुळबुळीत होई. शिवाय प्लॅस्टिक वापरायचं तर महापालिकेच्या गाडीकडे चोरासारखं बघत राहायचं. पुठ्ठ्याच्या खोक्यात तूप उतरून बूड मऊ पडे. गेल्या वर्षी कौसल्याबाईंचा मुलगा दीपक असाच एक खोका घेऊन टॅक्सीतून उतरला, तर खोका हातात आणि मोदक फुटपाथवर. उसाच्या चोथ्याचे डबे बाजारात आले तेव्हा बाईंनी तेही आणून बघितले. काहींतून तूप झिरपे. काहींतून झिरपत नसे, पण त्यांना म्हणे असलं रसायन लावलेलं होतं की ते मातीत कधी जिरतच नाही. उरलेल्यांना आतून प्लॅस्टिकचाच पापुद्रा होता. मग चोथ्याचा देखावा तरी कशाला, असं म्हणून त्यांनी तो नाद सोडला.

त्यात मनाली पुढे आली. मनाली ही कौसल्याबाईंच्या बहिणीची मुलगी. रसायनशास्त्र शिकून ती परळच्या एका लहानशा कंपनीत लागली होती आणि तिथे दोन वर्षं एकाच गोष्टीच्या मागे होती: चोथ्याच्या डब्याला आतून असं अस्तर लावायचं, जे तूप अडवील, वाफ जाऊ देईल आणि शेवटी डब्याबरोबर मातीत मिसळून जाईल. ते जमलं. तपासण्या झाल्या, कागद आले. श्रावणातल्या संकष्टीला बाईंनी त्या डब्यात मोदक भरून तीन तास झाकून ठेवले. उघडले तेव्हा मोदक जसेच्या तसे, नाकं ताठ, आणि डब्याचं बूड कोरडं. कौसल्याबाईंच्या तोंडून कुणाचं कौतुक निघणं म्हणजे दुर्मीळ, पण त्या दिवशी निघालं. अस्तर कसलं गो, असं त्यांनी विचारलं तर मनाली हसली आणि म्हणाली, चतुर्थीला सांगते.

चतुर्थीच्या सकाळी ठाकूरद्वारचे डबे पहिल्या घाण्यातून भरून दीपक टॅक्सीनं देऊनही आला. पूजा बाराच्या सुमारास, तेव्हा वेळेत पोचलेलं बरं. लालबागेची माणसं नंतर येऊन आपापले नेणार होती. आठ-साडेआठला मनाली आली, नऊवारी नेसून, केसात गजरा, हातात फोन. डब्यांचे फोटो काढायचे होते तिला. कौसल्याबाई पारीला कळ्या पाडत बसल्या होत्या. दोन वर्षांच्या कष्टाचं चीज झालं होतं आणि तेही घरच्याच मोदकांनी. मनालीचा आनंद पोटात मावत नव्हता.

"मावशी, आता सांगू? ते अस्तर तुझ्याच दारातून नेलंय मी," ती म्हणाली. "मे महिनाभर बादल्या भरून."

कौसल्याबाईंचा हात थांबला. मे महिन्यात मनाली त्यांच्याकडून आणि आसपासच्या दोन-तीन खानावळींतून कोळंबीची सालं घेऊन जायची, हे खरं होतं. कसल्याशा प्रयोगाला हवीत, एवढंच तिनं सांगितलं होतं. झाडांना खत घालत असतील, असं बाई धरून चालल्या होत्या. दारातला वास जातोय म्हटल्यावर जास्त चौकशी कोण करणार.

"सुंगटांची सालां?" त्यांनी विचारलं. घरात त्या कोळंबीला सुंगटं म्हणत.

मनालीनं हसत मान हलवली. तुझीच सालं तुझ्याच डब्यात परत आली, असं काहीतरी ती बोलत होती, पण मावशीच्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू हळूहळू विरत गेलं. आणि मग तिच्याही डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फोन तिनं पदराखाली लपवला, जणू तोच गुन्हेगार होता.

"ह्यां काय केलंस गो बाये," कौसल्याबाई एवढंच म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

मनाली काही परक्या घरातली नव्हती. तिच्याही घरी श्रावण पाळत, तिच्याही आईची विळी वेगळी. मग हे तिच्या ध्यानात कसं आलं नाही? तर त्याचं असं की, तिच्या लेखी ती कोळंबी राहिलीच नव्हती. सालं आली की आधी आम्लात, मग अल्कलीत, मग धुऊन वाळवून जे उरे ते पांढरं, बिनवासाचं, बारीक रव्यासारखं. त्याला एक इंग्रजी नाव होतं. दोन वर्षं ती त्या नावानंच त्याच्याशी बोलत आली होती. शिकलेल्या माणसाचं असं होतं खरं. एखाद्या वस्तूला नवीन नाव मिळालं की तिचं माहेर विसरून जायला वेळ लागत नाही. आणि वर मावशीला चकित करायची हौस. त्या हौसेपायी तिनं विचारायला हवं ते विचारलं नाही आणि सांगायला हवं ते सांगितलं नाही.

ती रडकुंडीला येऊन समजावू लागली की त्यात मासळीचं आता काही म्हणजे काही उरलेलं नाही, प्रयोगशाळेत शोधूनही सापडायचं नाही. बाईंनी ते ऐकून घेतलं. त्यांना ते खोटंही वाटलं नाही. पण त्यांच्या डोळ्यांपुढे स्टुलावर चढलेल्या शांताबाई होत्या. भांडी चादरीत बांधून माळ्यावर टाकली, भिंती घासल्या, आणि एवढं करून वाडीतल्या प्रत्येक देवघरापुढे आज कोळंबीच्या सालांचा डबा जाऊन बसला होता.

लालबागेच्या गिऱ्हाइकांची काळजी नव्हती. अजून मोदक भरले नव्हते. आपापले डबे घेऊन या म्हणून दीपकनं सगळ्यांना फोन केले. प्रश्न होता तो गेलेल्या डब्यांचा. आणि इथे कौसल्याबाईंचं मन चळलं, हे लपवण्यात अर्थ नाही. कुणाला कळणार होतं? डब्यावर लिहिलेलं होतं उसाच्या चोथ्यापासून, बस्स. नैवेद्य दाखवला जाईल, आरती होईल, मोदक पोटात जातील, डबे कचऱ्यात. सांगायला गेलं तर इतक्या वर्षांचं नाव एका सकाळीत जाईल. माशांच्या खानावळीतून दुसरं काय येणार, असं म्हणायला माणसं टपलेलीच असतात. त्यांना भीती वाटली. नवरा गेला तेव्हाही वाटली नव्हती अशी. त्यांनी ठरवलं की गप्प बसायचं, आणि पुन्हा कळ्या पाडायला घेतल्या.

पण पारी फाटू लागली. एक फाटली, दुसरी फाटली. ज्या हातांनी डोळे मिटून मोदक वळावेत त्यांना आज एक कळी धड पडेना. तिसरी पारी फाटल्यावर त्यांनी उकडीचा गोळा परातीत टाकला, शेजारच्या कालिंदीला हाक मारून मोदकपात्रापाशी बसवलं, आणि मनालीला म्हणाल्या, चल. फोनवर सांगून भागेल का, असं मनालीनं विचारलं. तोवर बाईंनी पायांत चपला सरकवल्या होत्या.

लालबागेत रस्ता कसला, नुसती माणसं. चिंचपोकळीच्या पुलापर्यंत चालत जाऊन टॅक्सी मिळाली. वाटेत मनाली पुन्हा पुन्हा म्हणत होती की चूक माझी आहे, मी सांगते, तू बोलू नकोस. कौसल्याबाई म्हणाल्या, डबा माझ्या नावानं गेलाय.

शांताबाईंच्या घरात पूजेची तयारी चालली होती. मखर सजलेलं, अनुजा दूर्वा निवडत बसलेली. शांताबाई खुर्चीत बसून गुडघ्याची गोळी घेत होत्या. या गोळ्या सुरू केल्यापासून जरा उभी राहते हो, नाहीतर दोन वर्षं आरती खुर्चीतच, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं, आणि आज स्वतः कशा आलात म्हणून विचारलं. मोदकांचा डबा ओट्यावर, वर दूर्वांची जुडी ठेवलेली. कौसल्याबाई दारातच उभ्या राहिल्या. दीपक हाताशी येण्याआधी डबा द्यायला त्या स्वतः येत, तेव्हाही दारापर्यंतच. आत या, असं कुणी म्हटलं नव्हतं आणि त्यांनाही त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. निदान तसं त्या स्वतःला सांगत.

त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. डब्याला आतून जे लावलंय ते कोळंबीच्या सालांपासून काढलेलं आहे, मला आज सकाळी कळलं. हे मोदक देवापुढे ठेवू नका. मनालीनं मध्येच तोंड घालून चूक आपली असल्याचं सांगितलं, आम्ल, अल्कली, पावडर सगळं सांगितलं. अनुजाला ते पटलं. ती म्हणाली, आई, हे म्हणजे आता नुसतं रसायनच झालं की. शांताबाईंनी तिला हातानं थांबवलं.

"तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं असतं?" त्यांनी कौसल्याबाईंना विचारलं.

"नाही."

"मग सांगायला का आलात?"

"माळा बघून गेलात, त्यानंतर तुम्ही परत कधी बघायला आला नाहीत," कौसल्याबाई म्हणाल्या. "तेव्हा बघायचं काम माझ्याकडे आलं ना."

शांताबाईंनी ओट्यावरच्या डब्याकडे बघितलं. कौसल्याबाईंनी मनात हिशेब उरकला होता: आता डबा परत मिळेल, पुढच्या वर्षी फोन येणार नाही, शेजाऱ्यांचेही येणार नाहीत. त्या डबा घ्यायला हात पुढे करणार तोच शांताबाईंनी मनालीला विचारलं की ही पावडर दुसऱ्या कशापासून होत नाही का. मनाली म्हणाली, अळंबीपासून होते, पण महाग पडते. मग देवाच्या डब्यांना ती वापरा आणि माशांच्या डब्यांना ही, एवढी अक्कल हवी, असं त्या म्हणाल्या. बोलणं कडकच होतं, आणि मनालीला ते लागलंही.

मग त्या उठल्या. अनुजाला म्हणाल्या, पिठी काढ आणि नारळ फोड. कौसल्याबाईंकडे वळल्या.

"माझ्या बोटांना आता उकड मळवत नाही. पाय धुवा आणि आत या. पाच मोदक तरी करून द्या देवाला."

कौसल्याबाईंनी मोरीत पाय धुतले. पदर खोचून त्या शांताबाईंच्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना भरून आलं, आणि थोडा रागही आला, इतकी वर्षं दारात उभं राहावं लागल्याचा, जो आजपर्यंत आलाच नव्हता. दोन्ही एकदमच आलं. त्यांनी उकड काढली, मळली. आता पारी फाटली नाही. शांताबाई शेजारी स्टुलावर बसून त्यांच्या बोटांकडे बघत राहिल्या आणि मध्येच म्हणाल्या, इतकी वर्षं तुमचे मोदक खातेय, हात आज बघितला. पाचाचे अकरा झाले. बाकीच्या घरांना शांताबाईंनी स्वतः फोन केले. दोघांनी डबे परत दिले, एकीनं हरकत नाही म्हटलं, आणि एका घरात पोरांनी नैवेद्याआधीच फडशा पाडला होता, त्यामुळे तिथला प्रश्न परस्पर मिटला. पुढच्या वर्षी आपण घरचे स्टीलचे डबे पाठवू, असं शांताबाईंनी सगळ्यांच्या वतीनं ठरवून टाकलं. मोदक कुणाकडून आणायचे, हा विषयच निघाला नाही.

त्या दोघी निघाल्या तेव्हा आरती सुरू होत होती. शांताबाई गणपतीपुढे उभ्या होत्या, टाळ घेऊन, कशाला न धरता.

टॅक्सीत बसल्यावर कौसल्याबाई सैल झाल्या. विसर्जनानंतर माशांची ताटं याच डब्यांतून द्यायची, पण झाकणावर ठळक अक्षरांत छापायचं, कोळंबीच्या सालांपासून, असं त्यांनी मनालीला बजावलं. लालबागेत त्यावर उड्या पडतील, वर म्हणाल्या. मनाली हो म्हणाली, पण तिचं लक्ष नव्हतं. तिच्या मनात काहीतरी चाललं होतं.

"मावशी, रागवू नकोस. त्या आजींच्या गोळ्या आहेत ना गुडघ्याच्या," ती म्हणाली, "डबीवर वाचलं मी. त्यासुद्धा सालांपासूनच बनवलेल्या आहेत. आपल्या पावडरीची सख्खी बहीण."

कौसल्याबाईंना आधी ते नीट कळलंच नाही. मग कळलं. शांताबाई सकाळ-संध्याकाळ, पाण्याच्या घोटाबरोबर, तेच गिळत होत्या.

"तिथे का नाही बोललीस?"

"बोलणारच होते. म्हणजे एका वाक्यात सगळं भांडण माझ्या बाजूनं मिटलं असतं," मनाली म्हणाली. "पण त्या तेव्हा उठून उभ्या राहिल्या. मग माझ्याच्यानं बोलवलं नाही."

कौसल्याबाईंनी टॅक्सीवाल्याला गाडी वळव म्हणायला तोंड उघडलं. सकाळी ज्या घाईनं निघाल्या तीच घाई. पण वळवून सांगायचं काय? सांगितलं की शांताबाई आजच्या आज गोळ्या बंद करणार, यात शंका नव्हती. त्या जिद्दी बाईला कुणी समजावू शकलं नसतं, ना सून, ना डॉक्टर. पुढच्या वर्षी आरती पुन्हा खुर्चीत. त्यांनी तोंड मिटलं आणि गाडी भायखळ्याच्या दिशेनं जात राहिली.

"परत जायचं का?" मनालीनं विचारलं.

"नाही."

"मग सकाळी कशाला गेलो?"

"सकाळी गप्प राहिले असते ते माझ्यासाठी. माझं नाव राहावं म्हणून," कौसल्याबाई म्हणाल्या. "हे तिच्यासाठी. आणि तूही कुणाला सांगायचं नाहीस, अनुजाला पण नाही."

मनालीनं मान डोलावली. शांताबाईंपासून काही लपवायची कौसल्याबाईंची ही पहिलीच वेळ होती, आणि सकाळची ती भीती त्यांना या वेळी जराही वाटली नाही.